एर्त्सगेबिर्गचा मेणबत्ती-पिरॅमिड आणि धूर सोडणारा म्हातारा: घेण्याआधी हे बघा

मेणबत्ती-पिरॅमिड म्हणजे मेणबत्त्यांच्या गरम हवेने फिरणारा, नाताळात मांडायचा लाकडी मनोरा. त्याचा खोका उघडल्यावर मूर्ती, रंगकाम, कोरीवकाम हे सगळं नंतर. आधी तळपाटाच्या मधोमध बसवलेली हरभऱ्याच्या डाळीएवढी काचेची वाटी शोधा आणि टाचणीच्या डोक्याने हलकेच चाचपा. तिला तडा असेल किंवा तिच्यात पॅकिंगचा थर्माकोल अडकला असेल, तर वरचं काम कितीही देखणं असलं तरी पिरॅमिड फिरणार नाही. सगळा डोलारा त्या वाटीत टेकलेल्या एका पोलादी टोकावर उभा असतो.

जर्मनीच्या सॅक्सनी राज्यात, झेक सीमेला लागून एर्त्सगेबिर्ग नावाचा डोंगराळ भाग आहे. नावाचा अर्थच खनिजांचे डोंगर. 1168 मध्ये फ्रायबर्गजवळ चांदी सापडली आणि पुढची कित्येक शतकं चांदी-कथलावरच तिथल्या चुली पेटल्या. खाणी आटत गेल्या तशी माणसं लाकूड कातायला लागली. साइफेन गावातली कथलाची खाण 1849 मध्ये बंद पडली, तोवर गाव खेळण्यांचं म्हणून ओळखलं जाऊ लागलं होतं. हा खाणपट्टा 2019 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. डिसेंबरात तिथे चार-साडेचारला अंधार पडतो. खाणकामगार अंधारात खाली उतरायचा आणि अंधारातच वर यायचा, भर हिवाळ्यात सूर्याचं तोंड रविवारीच दिसायचं. त्यामुळे त्या भागातल्या नाताळच्या बहुतेक वस्तूंत कुठे ना कुठे दिवा किंवा विस्तव असतोच.

ड्रेस्डेन-म्युनिककडची मराठी घरं या वस्तू हौसेने घेतात, काही भेट म्हणून पुण्या-मुंबईला पोचतात. सोबतच्या चिठ्ठीत मात्र जर्मनमध्ये दोन-चार ओळी आणि एक धूसर चित्र. मग पिरॅमिड पहिल्या संध्याकाळी अडखळतो, दुसऱ्या संध्याकाळी काळवंडतो आणि तिसऱ्या वर्षी शोकेसमध्ये जाऊन बसतो. दोष बहुतेक वेळा वस्तूचा नसतो, बसवण्याचा असतो.

पिरॅमिड: काय असतं आणि कसं बसवायचं

तळपाट, कडेने खांब, मधोमध उभा लाकडी दांडा, दांड्यावर एक, दोन किंवा तीन थाळ्या, थाळ्यांवर मूर्ती आणि सगळ्यात वर पात्यांचं चक्र. मेणबत्त्या तळपाटाच्या कडेला. गरम हवा वर चढते, तिरप्या पात्यांना ढकलते, चक्र फिरतं, त्याबरोबर दांडा आणि थाळ्या फिरतात. ना मोटर, ना चावी. तिथल्या बोलीत याला ‘पेरेमेट’ म्हणतात.

काचेची वाटी आधी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि वाळू द्या. मग दांडा दोन्ही हातांनी धरून पोलादी टोक वाटीत अलगद टेकवा. दांडा वरून सोडायचा नाही. टोक घण मारल्यासारखं बसतं आणि वाटी तडकते. काचेला तडा जाण्याचं नेहमीचं कारण हेच. दांड्याचं वरचं टोक खांबांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या भोकातून बाहेर येतं. तिथे तो सैल हवा, पट्टीला घासता कामा नये. आता तळपाटावर पाणसळ ठेवून बघा. पाणसळ नसेल तर फोनमधली चालते. टेबल एका बाजूला किंचित कललं असलं तरी दांडा वरच्या भोकाला एका बाजूने घासतो आणि एका ठरावीक जागी अडखळतो. दर फेरीला त्याच जागी अडखळला तर टेबल तिरकं आहे किंवा एखादी थाळी खांबाला घासतेय. वाटेल तिथे अडखळला तर वाटीत कचरा आहे.

यानंतर पाती. लहान पिरॅमिडला आठ-दहा, मोठ्याला बारा-सोळा. प्रत्येक पात्याच्या बुडाला गोल खुंटी असते, ती मधल्या गोळ्याच्या भोकात शिरते आणि तिथे पातं आपल्याच अक्षावर फिरवून तिरकं करता येतं. सुरुवात 45 अंशांपासून करा. कोनमापक लागत नाही, पोस्टकार्डाचा कोपरा दुमडला की 45 अंशांचं माप तयार. सगळ्या पात्यांचा कोन एकच हवा. एक जरी सरळ उभं किंवा आडवं झोपलेलं राहिलं की चक्राला झोल येतो. जास्त उभी पाती हवेला नुसती वाट देतात, जास्त झोपलेली पाती हवा अडवून धरतात; दोन्हींत वेग पडतो. खूपच जोरात फिरत असेल तर पाती थोडी उभी करायची. मूर्ती गरगर फिरायला लागल्या की तीन राजे बाळ येशूला भेटायला निघालेत असं न वाटता जत्रेतल्या पाळण्यात बसलेत असं वाटतं.

आणि दिशा! पाती उलट्या बाजूला कलवली तर चक्र उलटं फिरतं आणि थाळीवरचे मेंढपाळ, राजे, खाणकामगारांची मिरवणूक, सगळे पाठमोरे मागे चालू लागतात. दुकानात मांडलेल्या नमुन्यांतही हे दिसतं. मेणबत्ती लावण्याआधी मूर्तींची तोंडं कुठे आहेत ते बघा आणि त्याप्रमाणे पाती कलवा.

मेणबत्तीशिवाय एक चाचणी: चक्राला बोटाने हलकी टिचकी मारा. चांगला बसलेला पिरॅमिड काही फेऱ्या घेऊन हळूहळू, नकळत थांबतो. झटक्यात थांबला तर कुठेतरी घर्षण आहे. अशा वेळी घरातल्या कुणाला तरी शिवणयंत्राचं तेल आठवतं. ते घालू नका. पहिले दोन दिवस छान फिरतो, मग तेलात धूळ आणि काजळी बसून चिकट लेप होतो. पोलादी टोकावर मऊ पेन्सिलीचं शिसं चांगलं घासा, ग्राफाइट पुरेसं आहे. टोक बोथट झालं असेल तर बारीक पॉलिश पेपरने धार काढता येते. काचेची वाटी आणि टोक दोन्ही सुटे मिळतात.

मेणबत्ती चुकली की सगळं चुकलं

नेहमीच्या पिरॅमिडला 14 मिलिमीटर जाडीची, 74 मिलिमीटर उंचीची मेणबत्ती लागते. पन्नासची पेटी ‘पिरामिडनकेर्त्सन’ नावाने मिळते. अगदी छोट्या पिरॅमिडला याहून बारीक आणि बुटकी, मोठ्याला जाड. खोक्यावर मिलिमीटर लिहिलेले असतात, तेच घ्या. नाताळच्या झाडावर लावायच्या मेणबत्त्या शेजारीच ठेवलेल्या असतात, दिसायला तशाच, पण उंच. त्या लावल्या की ज्योत पात्यांच्या जवळ जाते आणि पातळ लाकूड आधी पिवळं, मग तपकिरी, मग काळं होतं. उलट चूक म्हणजे धातूच्या छोट्या वाटीतल्या चपट्या टीलाइट. ज्योत खाली राहते, उष्णता आजूबाजूला पसरते आणि चक्र ओढूनताणून फिरतं. टीलाइटसाठीच बनवलेले पिरॅमिड वेगळे असतात, त्यांत ते उत्तम चालतात. एलईडी दिवे लावून पिरॅमिड फिरेल ही आशा सोडून द्या. एलईडीला तेवढी उष्णताच नसते. विजेवर फिरणारे मिळतात त्यांत आत बारीक मोटर असते, तिची घरघर शांत खोलीत ऐकू येते.

वात समईसारखी सांभाळावी लागते. अर्धा सेंटीमीटर ठेवून बाकी कात्रीने कापा. लांब वातीची ज्योत नाचते आणि पात्यांच्या खालच्या बाजूला काजळी धरते. काजळी सगळ्या पात्यांवर सारखी असेल तर वाती लांब आहेत. मेणबत्त्या एकाच बाजूने ओघळत असतील तर झोत आहे: खिडकीची फट, हीटरवरची गरम हवा किंवा आपल्याकडे पंखा. छताचा पंखा चालू असताना पिरॅमिड फिरत नाही, फिरला तर भलतीकडे फिरतो. मुंबईत डिसेंबरमध्येही पंखा लागतोच, तेव्हा वीस मिनिटं घाम पुसत बघायची तयारी ठेवा. काजळी पुसायला ओलं फडकं नको, ती लाकडात जिरते. शिळ्या पावाचा मऊ गर किंवा कोरडा खोडरबर चालतो.

हे सांगायची गरज नसावी, तरी: पेटता पिरॅमिड सोडून खोलीबाहेर जायचं नाही. सुकं लाकूड, पातळ पाती, उघडी ज्योत. वर फडफडणारा पडदा असेल तर जागा बदला.

खरा कोणता, नकली कोणता

साइफेनची खासियत म्हणजे कड्यातून प्राणी काढणं. ओल्या लाकडाची चकती कातयंत्रावर (लेथवर) लावतात आणि आत-बाहेर खाचा घेत जातात. कड्याकडे बघून काहीच कळत नाही. मग ते बांगडीसारखं कडं सुरीने उभं चिरलं की प्रत्येक कापाला घोड्याची किंवा मेंढीची बाजू दिसते. पावाच्या लादीचे काप पडावेत तसे एका कड्यातून डझनावारी प्राणी पडतात, मग एकेकाला हाताने गोलाई देऊन रंगवतात. अशा मेंढ्यांची बाह्यरेषा एकसारखी असते, पण रंगाचे ठिपके प्रत्येकीचे वेगळे. सगळ्या मेंढ्यांच्या डोळ्यांचा ठिपका केसभरही न हलता एकाच जागी असेल तर तो छापलेला आहे. पायांखाली गरम गोंदाचे चकाकते तंतू, काचेच्या जागी प्लास्टिकची वाटी, न फिरवता येणारी चिकटवलेली पाती आणि खोका उघडताच येणारा वॉर्निशचा भपका, ही बाकीची लक्षणं. तिथल्या कारागिरांच्या संघाचं ‘एश्ट एर्त्सगेबिर्ग’, म्हणजे ‘अस्सल एर्त्सगेबिर्ग’, असं चिन्ह असतं. ते खोक्यावर किंवा वस्तूच्या बुडाला शोधा.

एका मजल्याचा धड पिरॅमिड साधारण शंभर युरोच्या आसपास सुरू होतो, तीन मजल्यांचा काहीशे युरोंत जातो. पहिल्यांदा घेणाऱ्याने एका मजल्याचाच घ्यावा. तीन मजल्यांना वजन जास्त, वरची थाळी जरा कलली की खालच्या दोन्ही बिघडतात. सगळ्यात मोठे बघायचे असतील तर गावांच्या चौकात असतात. ड्रेस्डेनच्या श्ट्रीत्सलमार्क्ट या नाताळबाजारातला 14 मीटरपेक्षा उंच आहे, आणि तो बाजार 1434 पासूनचा.

लेबलावरचं ‘हजारो वर्षांपूर्वीचं’

आता तक्रार. अलीकडे या वस्तूंच्या खोक्यांवर आणि विक्रीच्या पानांवर ‘प्राचीन पेगन (म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या) सूर्यपूजेचा वारसा’ वगैरे छापायची टूम निघालीय. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. पिरॅमिडचा पूर्वज म्हणजे चार काठ्या वर एकत्र बांधून त्यांना हिरव्या फांद्या गुंडाळलेला दिव्यांचा सांगाडा, तोही अठराव्या शतकातला. तो घरोघर गेला तो 1830 नंतर स्वस्त पॅराफिन मेणबत्ती आली म्हणून. त्याआधी तेलाचे दिवे होते, धुरकट आणि महाग. फिरण्याची कल्पना खाणीच्या तोंडाशी घोडे जुंपून फिरवायच्या रहाटावरून आली असं मानतात, आणि त्या रहाटाचं छप्परही खरोखर या आकाराचं असायचं. आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांतल्या, चार मेणबत्त्यांच्या गोल कड्यालाही ‘पुरातन सूर्यचक्र’ म्हणून खपवतात. ते 1839 मध्ये हॅम्बुर्गच्या राउहेस हाउस या गरीब, निराधार मुलांच्या संस्थेत योहान हिनरिश विखर्न या पाद्र्याने गाडीच्या चाकावर बनवलं. ‘नाताळ कधी, नाताळ कधी’ असं मुलं विचारून हैराण करायची म्हणून चार रविवारांना मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांना छोट्या लाल मेणबत्त्या. सूर्य वगैरे काही नाही, कॅलेंडर होतं ते.

याचा अर्थ भर हिवाळ्यातल्या सणांच्या मुळाशी जुनं काहीच नाही असा नाही. प्राचीन रोममध्ये 17 डिसेंबरपासून सॅटर्न देवाचा सॅटर्नेलिया हा सण चालायचा आणि त्यात लोक एकमेकांना मेणाच्या बारीक मेणबत्त्या आणि छोट्या मूर्ती भेट द्यायचे. मेणबत्त्या आणि मूर्ती, म्हणजे आजच्या साइफेनच्या दुकानाचा निम्मा माल! पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. ख्रिस्तजन्माची 25 डिसेंबर ही तारीख रोममधल्या 354 सालच्या पंचांगवजा ग्रंथात सापडते, त्याच ग्रंथात त्याच दिवशी अजिंक्य सूर्याचा उत्सवही नोंदलाय. कोणी कोणाकडून घेतलं यावर अभ्यासक अजून भांडतात. उत्तरेला मात्र जोड उघड आहे. नॉर्वेच्या राजा होकॉनने दहाव्या शतकात यूल हा जुना सण ख्रिस्तजन्माच्या दिवसांवर आणून बसवला असं सागांमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या गद्य कथांमध्ये, स्पष्ट लिहिलंय.

तारखांचं घसरणं तर आपल्या ओळखीचं. संत लुसियाचा दिवस 13 डिसेंबर, स्वीडनमध्ये मुली डोक्यावर दिवे घेऊन निघतात तो. आज वर्षातली सगळ्यात लांब रात्र 21-22 डिसेंबरला येते, पण जुलियन पंचांग मागे पडत गेल्याने चौदाव्या शतकाच्या सुमारास ती लुसियाच्या आसपास पडायची. आपली संक्रांतही अशीच उत्तरायणाच्या खऱ्या सुरुवातीपासून सुटून जानेवारीत जाऊन बसलीय. कारण वेगळं, तिथे लीप वर्षांचा हिशेब चुकला, इथे अयनचलन, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाचं हळूहळू डोलणं.

धूर सोडणारा म्हातारा

जुन्या चालीरीतीचा धागा खरंच पकडायचा असेल तर पिरॅमिडपेक्षा हा स्वस्त गडी घ्या. रॉइशरमान, म्हणजे धुराचा माणूस. कातीव लाकडाचा पोकळ बुटका बाहुला, हातात चिलीम, तोंडाला गोल भोक. वनरक्षक, पोस्टमन, खाणकामगार, फेटेवाला तुर्क, फिरता विक्रेता, असे अनेक प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे बनायला लागले. साधा चांगला गडी 25 ते 40 युरोंत येतो.

पण धूर त्याच्याहून खूप जुना. 25 डिसेंबर ते 6 जानेवारी या बारा रात्रींना जर्मन भाषक मुलखात राउनेश्टे म्हणतात. काही भागांत 21 डिसेंबरच्या संत थॉमसच्या रात्रीपासून मोजतात. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर 365 चं. मधले अकरा दिवस, बारा रात्री कुठल्याच महिन्याच्या नाहीत असा हिशेब सांगतात. आपण हीच तूट साठवून तिसऱ्या वर्षी अधिक मास घालतो. तिथे त्या रात्री मोकाट सुटलेल्या मानल्या. आकाशातून मेलेल्यांची शिकार धावते, पुढे वोटान हा जुना जर्मन देव किंवा पेर्श्टा ही लोककथांतली देवी. म्हणून धुपाचं भांडं घेऊन घर आणि गोठा फिरायचा, आणि दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. पांढरी चादर त्या टोळीने ओढून नेली तर वर्षभरात घरात कफन लागतं. नावाचा उगम ‘धूर’ या शब्दात की ‘केसाळ’ या जुन्या शब्दात, यावर दोन मतं आहेत. कॅथलिक भागांत याच फेरीला पवित्र पाण्याची जोड मिळाली, आणि 6 जानेवारीला तीन राजे बनून आलेली मुलं दारावर खडूने वर्षाचे आकडे आणि मधे सी, एम, बी लिहून जातात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो’. गोव्यात रेइश मागूशला तीन राजांचं फेस्त त्याच दिवशी. एर्त्सगेबिर्ग मात्र लूथरपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंट. तिथल्या चर्चमधून धूप हद्दपार झाला आणि घरात मात्र तो लाकडी म्हाताऱ्याच्या तोंडातून निघत राहिला, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

वापर सोपा. म्हातारा कमरेत धरून वरचा भाग उचला. खाली पाय आणि मधे धातूची चकती. चकती जागेवर आहे ना, ते बघा. नसेल तर लाकूडच जळतं. धुपाचा शंकू चकतीच्या मध्यावर ठेवा, टोक पेटवा, ज्योत दहा-पंधरा सेकंद धरू द्या आणि मग फुंकून विझवा. टोकाशी लाल निखारा दिसला पाहिजे. तो न बघता घाईने वरचा भाग बसवला की अर्ध्या मिनिटात विझतो. शंकू पंधरा-वीस मिनिटं चालतो. धूर तोंडातून न येता बुडातून येत असेल तर तोंडाचं भोक डांबरासारख्या चिकट थराने बुजलंय, टूथपिकने साफ करा. शंकू मधेच विझत असेल तर हवा आत शिरायची भोकं बंद आहेत. ती पाठीवर किंवा बुडाशी असतात आणि जाड टेबलक्लॉथवर ठेवल्याने झाकली जातात. दुसरा शंकू लावण्याआधी पहिल्याची राख झटकून टाका.

शंकूत कोळशाची पूड, बटाट्याचा स्टार्च, बीच लाकडाची पूड आणि धुपाचा डिंक असतो. क्रोटनडोर्फर, क्नॉक्स आणि नॉयडोर्फच्या हुस या कंपन्यांचे सगळीकडे मिळतात. मध्यम आणि मिनी मापं वेगवेगळी, छोट्या बाहुल्यात मध्यम शंकू घातला तर तो भिंतीला टेकतो आणि आतून कोळसा होतो. वास घेताना ‘वाइहराउख’ म्हणजे शुद्ध धूप घ्या, सफरचंद-दालचिनीवाले गोडूस प्रकार दोन दिवसांत नकोसे होतात. वाइहराउख हा बोस्वेलिया झाडाचा डिंक. आपल्या सातपुडा-मेळघाटातली सालई त्याच कुळातली, त्यामुळे वास ओळखीचा लागतो. म्हणून आपले धुपाचे शंकू घालून पाहायचा मोह होतो. पण ते बहुधा जाड आणि तेलकट सुगंध घातलेले असतात, आतला लेप चिकट होतो आणि लाकूड फार तापतं. बुडाला भोक असलेले, धूर खाली सोडणारे धबधबावाले शंकू तर इथे निरुपयोगीच, सगळा धूर पायांतून निघतो. आणि जर्मनीतल्या घरांत धूरसूचक यंत्र सक्तीचं आहे. म्हाताऱ्याच्या एका शंकूने ते सहसा बोंबलत नाही, पण राउनेश्टेच्या थाटात निखाऱ्यावर डिंक टाकून खोल्या फिरलात तर नक्की बोंबलेल. आधी खिडकी उघडा.

खिडकीतली कमान आणि तारा

श्विबबोगन ही खिडकीत ठेवायची अर्धगोल दिव्यांची कमान. सगळ्यात जुनी धातूची कमान योहानगेओर्गनश्टाटची, 1740 ची. आज सर्वत्र दिसणारं चित्र, म्हणजे दोन खाणकामगार, लाकूड कोरणारा आणि लेस विणणारी बाई, पाउला योर्डान यांनी 1937 मध्ये श्वार्त्सनबर्गच्या प्रदर्शनासाठी काढलं. इथेही ‘प्राचीन’ वगैरे काही नाही.

कमान घेताना दिव्यांचा हिशेब समजून घ्या. सात दिव्यांच्या जुन्या पद्धतीच्या कमानीत दिवे एकामागोमाग एक (सिरीजमध्ये) जोडलेले असतात: प्रत्येक दिवा 34 व्होल्ट, 3 वॉट, सातांचे मिळून 238 व्होल्ट, म्हणजे साधारण घरातल्या विजेइतके. एक दिवा सैल झाला की सगळे जातात. प्लग काढून एकेक आवळून बघा. बदलताना दहा दिव्यांच्या माळेतला कमी व्होल्टचा दिवा बसवलात तर तो मंद पेटतो आणि बाकीच्या दिव्यांवर जास्त ताण येऊन ते लवकर जातात. दिवा काढलेल्या खोबणीत बोट घालू नका, तिथे पूर्ण 230 व्होल्ट असू शकतात. भारतात वीज तीच, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. पण युरोपी प्लगच्या काड्या आपल्या पाच अँपिअरच्या काड्यांपेक्षा बारीक असतात. सॉकेटमध्ये जातात, पण सैल बसतात आणि चरचरतात. चांगला अ‍ॅडॅप्टर लावा. नव्या, अ‍ॅडॅप्टरवर चालणाऱ्या एलईडी कमानी घेणं सगळ्यात सोयीचं, फक्त उबदार पिवळा प्रकाश बघून घ्या. निळसर पांढरा घेतलात तर खिडकी मेडिकलच्या दुकानासारखी दिसते.

हेर्नहूटचा तारा एर्त्सगेबिर्गचा नाही, पूर्वेकडच्या लाउझित्सचा. मोरावियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या शाळेत मुलांना भूमिती शिकवताना जन्मलेला. घरात कागदी, बाहेर प्लास्टिकचा; उलट केलंत तर पहिल्याच पावसात कागदाची टोकं लोंबतात. टोकं चौकोनी आणि त्रिकोणी बुडाची अशी दोन जातींची, जोडायला बसण्याआधी दोन ढीग करा. आकाशकंदील घरी केलेल्यांना आणि गोवा-वसईकडच्या नाताळच्या ताऱ्याची सवय असलेल्यांना तासाभरात जमतो.

2 फेब्रुवारीला आवरताना

एर्त्सगेबिर्गमध्ये जुन्या रीतीने हे सगळं लिश्टमेसपर्यंत, म्हणजे 2 फेब्रुवारीपर्यंत ठेवतात. आवरताना मेणबत्तीच्या पितळी वाट्या निघत असतील तर अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, मेण टिचकीने निघतं. लाकडाला पाणी किंवा फ्रीझर दोन्ही नको. लाकडावरचं मेण प्लास्टिकच्या कार्डाने खरवडा. उरलेल्या मेणबत्त्या माळ्यावर ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये नागपूर-जळगावकडे त्या धनुष्यासारख्या वाकतात आणि वाकडी मेणबत्ती पात्याला ज्योत लावते. कोकणात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, पावसाळ्यात फुगलेली पाती पुढच्या वर्षी भोकात शिरत नाहीत. दांडा काचेच्या वाटीतून काढून वेगळा गुंडाळा. आणि पाती काढण्याआधी प्रत्येकाच्या खुंटीवर आणि समोरच्या भोकापाशी पेन्सिलीने एकच आकडा घाला. प्रत्येक खुंटी वापराने आपल्याच भोकाच्या मापाची झिजलेली असते. अदलाबदल झाली की एक पातं घट्ट बसतं आणि दुसरं ज्योतीच्या हवेनेच हळूहळू आडवं होतं.